जुना रेंजफाइंडर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात १९६० ते १९८० या काळातल्या, भिंग न बदलता येणाऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर (खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून अंतर लावायचे कॅमेरे) दोन पानं छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांत खानदेशातली पत्रं सर्वांत जास्त आणि प्रश्नही नेमके. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

फोटो मोबाइलवर निघतात. फिल्मचीच हौस असेल तर जुने एसएलआर (आरशावरून थेट भिंगातून बघायचे कॅमेरे) आहेत. मग भिंगसुद्धा बदलता न येणाऱ्या या कॅमेऱ्यांचं लोकांना एवढं वेड का? (जळगाव)

फिल्मचा ‘आत्मा’ वगैरे बोलणं बाजूला ठेवू. या कॅमेऱ्यांची खरी खुबी शटरमध्ये आहे. शटर भिंगाच्या आतच, काचांच्या मधोमध बसवलेलं असतं. पातळ पोलादी पाकळ्या उघडतात आणि मिटतात, बस. एसएलआरमध्ये आरसा वर आपटतो, इथे आरसाच नाही. त्यामुळे आवाज ‘टिक्’ एवढाच, कीर्तनात पहिल्या रांगेत बसून फोटो काढला तरी कोणी मागे वळून बघत नाही. धक्का नसल्यामुळे १/१५ सेकंदाला हातात धरूनही फोटो बऱ्यापैकी स्थिर येतो.

दुसरा फायदा आपल्याकडच्या उन्हात कळतो. पाकळ्यांच्या शटरला फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो. मे महिन्यातली दुपारची वरात डोळ्यांसमोर आणा. ऊन डोक्यावर, फेट्याखाली नवरदेवाचा चेहरा काळा. २०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म किती उजेड टिपते त्याचा आकडा), शटर १/५०० सेकंद, छिद्र एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) लावलं की उन्हाचं माप बरोबर बसतं. त्यावर २० गाइड नंबरचा साधा फ्लॅश (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० आणि मीटरच्या हिशोबातला, २०० आयएसओला तो २८ होतो) अडीच मीटरवरून एफ ११ लाच भरून काढतो. उजेड फारच सपाट वाटला तर साडेतीन मीटरवर सरका. त्या काळचे कापडी पडद्याचे बरेच एसएलआर फ्लॅशसाठी १/६० च्या वर जात नाहीत. त्याच उन्हात त्यांना एफ ३२ लागेल. तेवढं छिद्र बहुतेक भिंगांना नसतंच, आणि असलं तरी तिथे हा फ्लॅश पोचणार नाही.

बघायची खिडकी वेगळी असल्यामुळे चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं, आणि फोटो निघतो त्या क्षणी डोळ्यासमोर अंधार होत नाही. कोण डोळे मिटतंय ते कळतं. बाकी अंतर, छिद्र आणि वेग या तीनच गोष्टी हाताने लावायच्या.

उणी बाजूही ऐका. भिंग ४० ते ४५ मिमीचं, एकच. ८० ते ९० सेंटिमीटरच्या आत जाता येत नाही. आणि आपण भिंगातून बघत नसल्यामुळे झाकण तसंच राहिलं किंवा बोट आडवं आलं तरी खिडकीत सगळं छानच दिसतं. नवशिक्यांचा पहिला रोल अनेकदा झाकणाच्या आतल्या अंधाराचा निघतो.

काकांनी आखाती देशातून आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ माळ्यावर सापडला. तुम्ही म्हणता तो ‘यांत्रिक’, म्हणजे सेलशिवाय चालणारा, प्रकार हाच का? त्याचा सेल मिळत नाही. (अमळनेर)

हा नाही. नावातच ‘इलेक्ट्रो’ आहे. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात छिद्र तुम्ही लावता आणि वेग आतलं सर्किट ठरवतं. सेल नसेल तर शटर फक्त १/५०० ला उडतं. भरउन्हात ४०० ची फिल्म घालून तसंही काम निभतं, पण ते गाडं एकाच गिअरवर चालवण्यासारखं झालं.

मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा होता, तो आता बनत नाही. ४एलआर४४ हा ६ व्होल्टचा सेल चालतो आणि सर्किटला त्याने त्रास होत नाही. तो मूळ सेलपेक्षा बारीक आणि आखूड आहे, म्हणून भोवती जाड कागदाची गुंडाळी करा आणि उरलेल्या सुमारे दोन सेंटिमीटरच्या पोकळीत स्प्रिंग बसवा. अधिक-उणे बाजू खाचेतल्या खुणेप्रमाणेच ठेवा. त्याआधी खाचेत डोकवा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ती काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. पूड आतल्या तारेपर्यंत गेली असेल तर वरून पुसून उपयोग नाही, तार बदलावी लागते.

आता फिल्म सरकवायचा लिव्हर सावकाश ओढा. ओढ संपत येताना आतून ‘खट्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. आत रबराची एक छोटी गादी असते, ती वर्षानुवर्षांत विरघळून चिकट होते किंवा भुगा होऊन पडते. ती गेली की ‘खट्’ ऐकू येत नाही आणि वेग वाटेल तसा पडतो. दुरुस्ती होते, पण वरचं झाकण उघडावं लागतं.

सेलशिवाय चालणारा घ्यायचा असेल तर कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, ऑलिम्पस ३५ एसपी, ऑलिम्पस ३५ आरसी, मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस, याशिका लिंक्स यांकडे बघा. सेल काढला तरी यांचे सगळे वेग चालतात, फक्त उजेड मोजणारं मीटर बंद पडतं. ऑलिम्पस ट्रिप ३५ रेंजफाइंडर म्हणून विकायला आलेला दिसला तर विकणाऱ्याला सांगा, त्यात रेंजफाइंडर नाही. अंतर अंदाजाने लावायचं असतं.

भुसावळच्या उन्हाळ्यात कॅमेरा चांगला चालत होता. डिसेंबरात बटण दाबलं तर शटर उघडतच नाही, कधी उघडलं तर मिटत नाही. स्प्रिंग तुटली का? (भुसावळ)

बहुधा नाही. खानदेशात हा आजार नेहमीचा आहे आणि त्याची सुरुवात उन्हाळ्यातच होते. भिंग पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांत ग्रीस असतं. पत्र्याच्या पेटीत किंवा उन्हातल्या गाडीत ४५ अंशांपलीकडे कॅमेरा राहिला की जुन्या ग्रीसमधलं तेल सुटतं आणि हळूहळू पाकळ्यांवर येतं. तेव्हा ते पातळ असतं, म्हणून शटर चालल्यासारखं वाटतं. थंडीत तेच तेल दाट होतं. पाकळ्या कागदासारख्या पातळ, स्प्रिंग नाजूक. तेलाच्या पापुद्र्याने एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्या सोडवणं तिच्या ताकदीबाहेर जातं.

खात्री करून घ्या. रोल नसताना मागचं दार उघडा, वेग ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), छिद्र पूर्ण उघडं. बटण दाबून धरा आणि भिंगातून आकाशाकडे बघा. मग सोडा. पाकळ्या मिटल्यावर त्यांवर टॉर्चचा तिरपा उजेड टाका. कोरड्या पाकळ्या करड्या, मंद दिसतात. तेलकट पाकळ्यांवर इंद्रधनुष्यी चमक किंवा ओली कड दिसते.

वेग मोजायला मोबाइल पुरतो. मागच्या दारातून भिंगाच्या भोकाकडे मोबाइल रोखा आणि सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन चित्रण करा. उजेड खिडकीचा घ्या, एलईडी दिव्याचा नको, तो लुकलुकतो आणि मोजणी फसते. १/८ ला उजेड ३० चौकटींत दिसला पाहिजे, १/३० ला ८, १/६० ला ४. त्यावरचे वेग या पद्धतीने भरवशाने मोजता येत नाहीत. १/३० पासून वर ठीक आणि १ सेकंद ते १/८ मध्येच ‘घर्रर’ करून अडकत असतील तर दोष पाकळ्यांचा नाही. मंद वेग एका छोट्या दातेरी चक्रांच्या साखळीवर चालतात, तिच्यातलं वंगण सुकलेलं असतं.

आता काय करायचं नाही ते. शिलाई मशीनचं तेल, दार कुरकुरतं म्हणून मारायचा स्प्रे, रॉकेल यांतलं काहीही भिंगाच्या फटीत सोडू नका. पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात, तेल हाच तर रोग आहे. स्प्रे मारल्यावर आठवडाभर शटर उडतं आणि मग तेलाची वाफ आतल्या काचांवर बसते. अशा कॅमेऱ्याची दुरुस्ती मूळ दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

हात स्थिर असेल तर घरी एवढं करता येईल. भिंगाचा पुढचा संच, म्हणजे नावाची कडी आणि तिच्यामागच्या काचा, किती आटे फिरून निघतो ते लिहून ठेवा आणि कडेला पेन्सिलीची बारीक खूण करा. ज्या साध्या कॅमेऱ्यांत फक्त पुढची काच फिरवून फोकस होतो, त्यांना हात लावू नका. आटा इकडचा तिकडे झाला की सगळं अंतर चुकतं. संच निघाल्यावर पाकळ्या समोर दिसतात. कापसाची काडी सिगारेट लायटरच्या द्रवात बुडवून निथळवा. ती ओलसर असावी, थेंब पडू नये. हलक्या हाताने पुसा, शटर उडवा, नवी काडी घेऊन पुन्हा पुसा. पाच-सहा काड्या स्वच्छ निघेपर्यंत चालू द्या. मग एक दिवस तसंच उघडं ठेवा, पण धुळीपासून झाकून. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर पुन्हा तेलाची रेघ उमटलेली दिसेल. एकमेकींखाली लपलेलं तेल बाहेर आलेलं असतं. पुन्हा पुसा. हा दुसरा हात न दिल्यामुळेच बहुतेकांची दुरुस्ती महिन्यात फिसकटते. द्रव ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅस किंवा उदबत्ती जवळ नको.

भिंगाजवळ एम, एक्स, व्ही अशा खुणांचा खटका असेल तर तो एक्सवर ठेवा. ‘व्ही’ म्हणजे सेल्फ टायमर. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यात अडकला की अख्खं शटर घेऊन बसतो.

मीटर मेलेलं आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला कॅमेरा न्यायचा आहे, उजेडाचा अंदाज कसा करायचा? रात्री घरातल्या कानबाईचे फोटोही हवे आहेत. (शहादा)

शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या आकड्याला सर्वांत जवळचा ठेवा. २०० ची फिल्म असेल तर १/२५०. स्वच्छ उन्हात, ठसठशीत सावली पडत असेल तर छिद्र एफ १६. पण आपल्याकडे दुपारी चेहऱ्याची निम्मी बाजू पागोट्याच्या सावलीत असते, म्हणून माणसांसाठी एफ ११ लावा. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. सावली पुसट होईल इतपत ढग असतील तर एफ ८, आषाढातल्या भरून आलेल्या आभाळाला एफ ५.६. केळीच्या बागेत आत शिरलात तर उजेड पाच पायऱ्यांनी (एक पायरी म्हणजे उजेड निम्मा) उतरतो, तिथे १/१२५ आणि एफ ४. पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे कवडसे मात्र जळणारच, त्यांचा नाद सोडा.

घोडेबाजारात प्रत्येक वेळी फोकस करत बसू नका. दत्तजयंतीच्या सुमारास सकाळी ऊन तिरपं आणि स्वच्छ असतं. ४० मिमीच्या भिंगावर एफ ११ आणि अंतर ३ मीटर लावून ठेवलं की सुमारे १.९ मीटरपासून जवळपास ८ मीटरपर्यंतचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग फक्त चौकट बघा आणि बटण दाबा. नाचणाऱ्या घोड्यासाठी वेग १/५०० आणि छिद्र एक पायरी मोठं, एफ ८. तिथली धूळ मात्र बारीक असते. रोल मैदानात बदलू नका, गाडीत किंवा दुकानात आडोशाला बसून बदला. दाराच्या खाचेत एक कण राहिला तरी पूर्ण रोलभर लांब ओरखडा उमटतो.

कानबाईसाठी ४०० ची फिल्म घ्या. ट्यूबलाइटच्या खोलीत एफ २ आणि १/३० पासून सुरू करा. चौरंगाजवळ समया आणि माळा असतील तर १/६० ला जाता येईल. कोपर छातीला टेकवा. एफ २ ला दीड मीटरवर स्पष्टतेची खोली जेमतेम वीतभर असते, तेव्हा देवीच्या मुखवट्यावर नीट फोकस करूनच घ्या.

मीटर खरंच मेलंय का तेही बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्ट देतो. तो आकाराने लहान असल्याने रबरी वायसर घालून बसवा. स्टिकर काढल्यावर तो हवेवर चालतो आणि आपल्या कोरड्या हवेत लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांचाच धनी. १.५ व्होल्टचा घड्याळाचा सेल घातला तर काटा उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात.

चाळीसगावच्या केकी मूस यांच्यासारखी टेबलावर मांडणी करून छायाचित्रं काढायची आहेत. रेंजफाइंडर चालेल का? (चाळीसगाव)

नाही. मूस यांनी घराच्या चार भिंतींत राहून टेबल-टॉपचं जे काम केलं, त्यात वस्तू आणि प्रकाश तसूभर इकडेतिकडे हलवून बघावा लागतो. ते भिंगातूनच बघायला हवं. रेंजफाइंडरची खिडकी भिंगाच्या वर आणि बाजूला असते, त्यामुळे एक मीटरच्या आत चौकट सरकते. शिवाय ८० सेंटिमीटरवरून पेला किंवा फूल फ्रेममध्ये एवढंसं दिसेल. या कामाला एसएलआर घ्या.

खिडकीतला पिवळा चौकोन फिकट झाला आहे, दोन प्रतिमा जुळल्यासारख्या वाटतात पण फोटो धूसर येतो. (धुळे)

आधी दूरची तपासणी. भिंग अनंतावर लावा आणि किमान एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर बघा. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. आडव्या सरकलेल्या असतील तर अंतर चुकतंय. खाली-वर असतील तर फोकस बिघडत नाही, फक्त जुळवायला त्रास होतो. मग जवळची तपासणी. फिल्मच्या जागेपासून टेपने मोजून बरोबर एक मीटरवर वर्तमानपत्र उभं करा, प्रतिमा जुळवा आणि भिंगावरचा आकडा वाचा.

दोन्हीकडे बरोबर असूनही फोटो धूसर असेल तर दोष रेंजफाइंडरमध्ये नाही, भिंगात आहे. फिल्म जिथून सरकते त्या दोन रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर ‘बी’ वर केबल रिलीजने (बटणाला जोडायच्या तारेने) उघडं ठेवा, छिद्र पूर्ण उघडा. पट्टीवर उलटं चित्र पडेल, ते जवाहिऱ्याच्या भिंगाने बघा. काच कोणी काढून तिरकी बसवली असेल तर एक कोपरा कधीच स्पष्ट होत नाही.

फिकट चौकोनाचं कारण साधं आहे. आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा झिजलाय. वरचं झाकण उघडलंत तर त्याला कापडाने पुसू नका, उरलासुरला मुलामाही निघून येईल. फुंकणीने धूळ उडवा, पुढे जाऊ नका. तात्पुरता उपाय म्हणून बघायच्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर मधोमध काळ्या चिकटपट्टीचा छोटा ठिपका लावा. चौकोनाच्या जागी मूळ चित्र मंद होतं आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते.

रावेरला फिल्म धुणारं कोणी नाही. घरी कृष्णधवल रोल धुवायचा तर पुस्तकात २० अंश सांगतात. आमच्या नळाला एप्रिलमध्ये ३५ अंशांचं पाणी येतं! (रावेर)

२० अंशांचा हट्ट सोडा, २४ धरा. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला सुमारे ९. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल इतकं तापमान वाढू देऊ नका, तिथे डाग पडतात.

आपल्याकडे पाणी थंड करायला माठ आहेच. एप्रिलच्या कोरड्या हवेत नवा, झिरपणारा माठ रात्रभर वाऱ्यावर ठेवला तर पाणी २५ च्या आसपास येतं. रसायनांच्या बाटल्या त्या पाण्याच्या परातीत अर्धा तास उभ्या ठेवा. थोडा बर्फ लागला तर परातीत टाका, डेव्हलपरमध्ये कधीच नाही, तो पातळ होतो. जुलैत हवा दमट झाली की माठ काम देत नाही, तेव्हा बर्फच. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही दोन-तीन अंशांच्या फरकात ठेवा. २४ च्या डेव्हलपरमधून फिल्म थेट ३५ च्या नळाखाली धरली तर तिच्यावरचा थर सुरकुततो आणि ते परत सरळ होत नाही.

बोअरचं पाणी क्षारी असतं, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. शेवटची खळबळ बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याची करा, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब न राहता ते निथळावं म्हणून घालायचं रसायन) एक-दोन थेंब. फिल्म बाथरूममध्ये टांगा, आधी शॉवर सोडून धूळ खाली बसवा.

कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवतो. तरी भिंगात जाळं आलं. (चोपडा)

चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. डांबराच्या गोळ्यांचा बुरशीवर भरवसा नाही, वाफ काचेवर बसते ती वेगळीच. केस बाजूला ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत ५० ग्रॅम रंग बदलणारी सिलिका जेल. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. शटर ताणून ठेवू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून सगळे वेग दहा-दहा वेळा उडवा.

रोल पुढे सरकतोय की नाही, हे दार न उघडता कसं कळतं? (पारोळा)

रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा, लागलीच थांबा. आता लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्मचं टोक चाकातून निसटलंय. आकडा पुढे जातो म्हणून निर्धास्त राहू नका, तो रिकाम्या कॅमेऱ्यातही पुढे जातो.